गावच्या वाचनालयाचा पुस्तकसंग्रह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांमधले ग्रंथपाल, सचिव आणि कधीकधी वैतागलेले अध्यक्ष जे प्रश्न विचारतात, त्यांतले हे काही. एकच पगारी माणूस, तोही अर्ध्या वेळेचा, आणि खरेदीला बेताचे पैसे, असं वाचनालय डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या ग्रंथालयाला ती तोकडी वाटतील.

पुस्तकं तर लय आहेत, पण नेत कोणी नाही. काहून?

हे फक्त तुमच्याकडे होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयानं १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांचा माग काढला, तेव्हा पहिल्या सहा वर्षांत जवळपास ४० टक्के पुस्तकं एकदाही कोणी घरी नेलेली नव्हती. तो अहवाल १९७९ मध्ये आला आणि ग्रंथालयवाल्यांमध्ये मोठा वाद झाला. त्याच्या दहा वर्षं आधी ट्रूस्वेल या अभ्यासकानं दाखवलं होतं, की साधारण ८० टक्के देवघेव २० टक्के पुस्तकांवरच चालते. विद्यापीठांची ही गत, तर गावात काही पुस्तकं धूळ खाणारच.

पण तुमच्याकडे ‘काही’ नसून ‘बहुतेक’ धूळ खात असतील, तर कारणं शोधावी लागतील, आणि ती बहुधा पुस्तकांच्या आधी कपाटात सापडतात. लोखंडी कपाट, त्याला कुलूप, किल्ली सचिवांच्या घरी, सचिव वावरात. वाचकानं नाव सांगायचं आणि आपण पुस्तक काढून द्यायचं. ज्याला नावच माहीत नाही, तो काय मागणार? तो वर्तमानपत्र चाळतो आणि निघून जातो. लोकांना पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं करू द्या. सगळी कपाटं उघडायची हिंमत होत नसेल, तर निदान वीस-पंचवीस पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी टेबलावर मांडा आणि दर सोमवारी बदला. याला पैसा लागत नाही.

दुसरं कारण वेळ. वाचनालय दुपारी उघडं आणि गाव दुपारी शेतात, असं असेल तर उत्तम पुस्तकंही कपाटातच राहतील.

तिसरं कारण, पुस्तकं गावानं मागितलेलीच नसतात. ती संचात येतात, देणगीत येतात, मार्चअखेरच्या घाईत येतात. त्याबद्दल पुढे आहेच.

कपाटं उघडी ठेवली तर पुस्तकं चोरीला जातात. जबाबदारी कोणाची?

थोडी जातात, हे खरं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतसुद्धा हे गृहीत धरलं आहे. दिलेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाचपर्यंत गहाळ होणं तिथे वाजवी मानलं जातं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांहून महाग पुस्तकांची, आणि किंमत काहीही असली तरी दुर्मीळ पुस्तकांची, चौकशी करावीच लागते. हे नियम केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी आहेत, तुमच्या वाचनालयाला राज्याचे नियम आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं म्हणणं लागू. पण कार्यकारी मंडळात हा विषय निघाला की हा आकडा सांगायला बरा पडतो. जे पुस्तक कधीच कोणी नेत नाही, त्याचाही पैसा गेलेलाच असतो. फक्त तो पडताळणीत, म्हणजे रजिस्टरप्रमाणे पुस्तकं जागेवर आहेत का ते बघताना, दिसत नाही.

आपला संग्रह चांगला की वाईट, हे ठरवायचं कशावरून?

एकूण संख्येवरून ठरवू नका. ‘आमच्याकडे पाच हजार ग्रंथ आहेत’ हे वार्षिक अहवालात शोभतं, पण त्यातून गावाला काय मिळालं ते कळत नाही. खालच्या गोष्टी रजिस्टर आणि पेन्सिल एवढ्यावर होतात.

सगळ्यात सोपी म्हणजे उलाढाल. वर्षभराची देवघेव भागिले पुस्तकांची संख्या. समजा ३,००० पुस्तकं आहेत आणि वर्षात २,१०० वेळा पुस्तकं घरी गेली, तर उलाढाल ०.७. या एका आकड्यात फारसा अर्थ नाही, अर्थ विषयवार फोड केल्यावर निघतो. समजा कादंबऱ्या ६०० आणि त्यांची देवघेव १,२००, म्हणजे उलाढाल २. चरित्रं ४००, देवघेव २००, म्हणजे अर्धी. शेतीची पुस्तकं १५०, देवघेव ३०, म्हणजे ०.२. आता अध्यक्ष म्हणतील, ‘पाहा, शेतकरी वाचतच नाही.’ घाई करू नका. शेतीच्या कपाटातली दहा पुस्तकं काढा आणि छापल्याचं साल बघा. बीटी कापसाला आपल्या देशात परवानगी मिळाली २००२ मध्ये. गुलाबी बोंडअळीनं विदर्भाला रडवलं २०१७ मध्ये. तुमची कापसाची पुस्तकं त्याआधीची असतील, तर शेतकरी ती नेत नाही यात त्याचा शहाणपणाच दिसतो.

दुसरी गोष्ट नमुना पाहणी. कपाटातलं दर दहावं पुस्तक काढायचं आणि तीन गोष्टी टिपायच्या: प्रकाशनाचं साल, तारीखपट्टीवरची (पुस्तकात चिकटवलेल्या, देवघेवीच्या तारखांच्या कागदावरची) शेवटची तारीख आणि पुस्तकाची अवस्था. ३,००० पुस्तकांत तीनशे नोंदी होतात. गावातली बारावीची दोन पोरं सोबतीला घेतली तर काम लवकर उरकतं. या तीनशेवरून सगळ्या संग्रहाचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

तिसरी युक्ती मला विशेष आवडते, कारण ती वाचकांच्या वागण्यावरून चालते. तिचा पुरस्कार स्लोट नावाच्या ग्रंथालय अभ्यासकानं केला. महिनाभर जी पुस्तकं परत येतील, त्यांच्या तारीखपट्टीवर या खेपेच्या आधीची तारीख कोणती ते लिहून ठेवायचं. समजा अशी शंभर पुस्तकं झाली आणि त्यांतली पंच्याण्णव त्याआधीच्या दोन वर्षांत कधीतरी गेलेली होती. मग दोन वर्षांहून अधिक काळ जागेवरून न हललेली सगळी पुस्तकं मिळून तुमच्या वाचकांची फक्त पाच टक्के गरज भागवतात. ती कपाटाचा किती भाग अडवून बसली आहेत, ते आता मोजा. बहुतेक ठिकाणी हा हिशेब पाहून कार्यकारी मंडळ गप्प होतं.

चौथी, तिथेच बसून वाचलेली पुस्तकं. ती देवघेवीत दिसत नाहीत. भिंतीवर पाटी लावा: ‘वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच राहू द्या.’ संध्याकाळी ती जागेवर ठेवताना प्रत्येकाच्या तारीखपट्टीवर पेन्सिलीनं एक टिंब द्यायचं. शब्दकोश, कायद्याची पुस्तकं, आरोग्याची पुस्तकं यांचा खरा वापर असाच कळतो. आरोग्यावरची काही पुस्तकं लोक घरी नेत नाहीत, कारण रजिस्टरात नाव लागतं. कोपऱ्यात उभं राहून वाचतात.

उलाढाल किती असली म्हणजे ठीक?

ठरलेला आकडा नाही. मागच्या वर्षीच्या तुमच्याच आकड्याशी तुलना करा. शेजारच्या गावाशी नको, तिथे हायस्कूल असेल आणि तुमच्याकडे नसेल.

गावाला काय वाचायचंय ते कसं ओळखायचं? विचारलं तर सगळे म्हणतात, ‘काहीही चालते.’

‘तुम्हाला काय वाचायला आवडते?’ हा प्रश्नच सोडून द्या. समोरचा माणूस तुम्हाला बरं वाटेल ते बोलतो. कोणी चरित्र म्हणतो, कोणी संतसाहित्य म्हणतो, आणि नेताना रहस्यकथा नेतो. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या महिन्यात कोणती माहिती शोधत होता? कोणाला विचारली?’ मग खरी उत्तरं येतात: पीकविम्याचा अर्ज, पोराच्या हातावरचे पांढरे डाग, सातबाऱ्यावर बहिणींची नावं, सोलर पंप, नवोदयची परीक्षा.

एक ‘नाही’ची वही ठेवा. वाचकानं मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते सगळं तारखेसह त्यात लिहायचं. पुस्तकाचं नाव माहीत नसलं तर विषय लिहा: ‘शेळीपालन, लाखांदूरकडच्या पाहुण्याला’, ‘दहावीच्या पोरीला भाषणासाठी सावित्रीबाई’. देवघेवीच्या रजिस्टरात आहे त्या पुस्तकांचाच हिशेब असतो. जे नव्हतं म्हणून माणूस परत गेला, त्याची नोंद याच वहीत मिळते. खरेदीच्या बैठकीत पहिल्यांदा ही वही उघडावी, प्रकाशकांची यादी नंतर.

आणि गाव नीट बघा. विदर्भ म्हटलं की सगळीकडे सारखंच, असं नाही. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा बहार आणि फळगळ हा जिव्हाळ्याचा विषय. भंडारा-गोंदियाकडे धान, तळी, मासेमारी. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू झाला की नाटकाची पुस्तकं शोधत हौशी मंडळी येतात, पश्चिमेकडच्या वाचनालयात तेच कपाट वर्षभर कोणी उघडत नाही. मेळघाटात घरात कोरकू बोलतात, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळ-वाशीमच्या तांड्यांवर गोरमाटी. तिथल्या पहिली-दुसरीच्या मुलाला पुण्यातल्या पुस्तकी मराठीतली गोष्ट परकीच वाटते. अशा भाषांतली पुस्तकं थोडी मिळतात, पण मिळतील तेव्हा सोडू नका. चित्रांचं, कमी मजकुराचं पुस्तक घेऊन शिक्षकानं किंवा अंगणवाडीताईनं घरच्या बोलीत सांगितलं तरी काम भागतं.

हंगामही पाहा. रोवणीत आणि वेचणीत देवघेव पडते, त्यावरून संग्रह वाईट ठरवू नका. उन्हाळ्यात हात मोकळे असतात आणि शाळाही बंद, पण जंगलपट्टीत मे महिन्यात तेंदूपत्ता चालू असतो. म्हणून तुलना करायची तर मेची मागच्या मेशी.

बाया वाचनालयात येतच नाहीत. त्यांच्यासाठी पुस्तकं घ्यायची तरी कशाला?

येत नाहीत आणि वाचत नाहीत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहावीतल्या पोराच्या नावावर दर आठवड्याला एक जाड कादंबरी जात असेल, तर ती कोण वाचतं याचा अंदाज करा. पारावरून, पुरुषांच्या घोळक्यातून वाचनालयात शिरायचं हेच कित्येकींना अवघड असतं. बचतगटाच्या बैठकीत तीस-चाळीस पुस्तकांची पेटी ठेवा, नोंद गटाच्या सचिवताईंकडे द्या, महिन्यानं पेटी बदला. पेटीत काय भरायचं हेही त्यांनाच विचारा. फक्त पाककृती आणि रांगोळी भरून पाठवली तर पेटी तशीच परत येईल.

अभ्यासिकेतली पोरं म्हणतात, सगळे पैसे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर घाला. काय करावं?

आजच्या घडीला गावच्या वाचनालयात रोज येणारा वाचक म्हणाल तर हाच. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, एमपीएससी. पहाटे मैदानावर धावतात आणि दिवसभर आपल्याकडे बसतात. त्यांना डावलून संग्रह उभा राहणार नाही. पण सगळे पैसे द्यायला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण निव्वळ व्यावहारिक आहे: ही पुस्तकं दुधासारखी नासतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही त्याच दिवशी बदलले. त्याआधीची कायद्याची गाईडं त्या दिवसापासून पोरांना चुकीची कलमं पाठ करायला लावतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे बहुपर्यायी प्रश्नांचे जुने ठोकळे (जाडजूड गाईडं) त्या परीक्षेला फारसे उपयोगी नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, हे ज्या सामान्यज्ञानात नाही ते जुनं झालं. महाराष्ट्रात ३५ जिल्हे लिहिलेलं पुस्तक तर पालघर होण्याआधीचं, म्हणजे २०१४ पूर्वीचं. अशी पुस्तकं अजूनही कपाटांत दिमाखात उभी आहेत.

मी असं सुचवेन. खरेदीतला एक ठरावीक हिस्सा या विषयाला द्यायचा आणि तो ठरावात लिहायचा, म्हणजे दरवर्षी भांडण नको. व्याकरण, अंकगणित, भूगोल, राज्यघटना ही टिकाऊ पुस्तकं दोन-तीन प्रतींत घ्या. चालू घडामोडींसाठी पुस्तक घेऊ नका, मासिक लावा. ठोकळा एकच घ्या आणि तो वाचनालयातच वापरायला ठेवा. राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. एक संच छापील आणि बाकी मोबाईलवर, असं पोरं आनंदानं करतात. आणि भरती झालेल्या पोरांना पुस्तकं आणून द्यायला सांगा. देतात. फक्त घेताना आवृत्तीचं साल बघून घ्या.

देणगीत आलेली पुस्तकं नाही कशी म्हणायची? देणारे गावातलेच मोठे लोक असतात.

तोंडानं नाही म्हणायची वेळ येऊ नये म्हणून कागद आधी तयार ठेवा. कार्यकारी मंडळाचा एक ठराव, भिंतीवर चिकटवलेला: ‘देणगीची पुस्तकं स्वीकारल्यावर ती दाखल करायची, दुसऱ्या संस्थेला द्यायची की रद्दीत काढायची, हे वाचनालय ठरवेल. वेगळं कपाट आणि नावाची पाटी मिळणार नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. वडिलांच्या नावाचं कपाट एकदा उभं राहिलं की त्यातलं एक पुस्तकसुद्धा पुढची वीस वर्षं हलवता येत नाही.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाची इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं, कोणा नेत्याच्या गौरवग्रंथाच्या दहा प्रती, वाळवी लागलेलं पंचांग, हे सगळं प्रेमानंच येतं. दाखल नोंदवहीत (प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायच्या रजिस्टरात) चढवलं की ते काढायला पुढे रीतसर प्रक्रिया करावी लागते, हे लक्षात ठेवून चढवा. त्या मोठ्या माणसाला ‘नाही’ची वही दाखवून ‘यातली दोन पुस्तकं द्या ना भाऊ’ म्हटलं, तर बहुतेक वेळा तो देतो आणि खूषही होतो.

अनुदानाच्या पैशातून खरेदी नेमकी कशी करावी?

आपल्याकडची सार्वजनिक ग्रंथालयं १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता घेतात, आणि अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली, तरी ड वर्गाच्या गावच्या वाचनालयाला पगार, वीज आणि वर्तमानपत्रं भागवून पुस्तकांसाठी फार उरत नाही. म्हणूनच जे उरतं ते जपून खर्च करायचं.

सर्वांत वाईट खरेदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होते. विक्रेता यादी आणतो, तिच्यात पातळ, स्वस्त आणि कधी नाव न ऐकलेली पुस्तकं असतात, आणि संख्या भरते. वर्ग टिकवायला ग्रंथसंख्या लागते म्हणून मंडळही मान डोलावतं. मला हा व्यवहार समजतो, पण पन्नास पातळ पुस्तकांच्या जागी पंधरा चांगली घेतली तर देवघेव वाढते, हे दोन-तीन वर्षांच्या रजिस्टरातून दाखवता येतं.

पैसे हातात येण्याआधी निवड झालेली असली पाहिजे. वर्षभर ‘नाही’च्या वहीतून, परीक्षणांतून, वाचकांच्या बोलण्यातून यादी वाढवत न्या आणि प्रत्येक नावापुढे कोणी मागितलं ते लिहा. पुस्तक हातात घेऊन बघायची संधी विदर्भात आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची जेवढी दुकानं लागतात, तेवढी क्वचितच कुठे एकत्र बघायला मिळतील. आंबेडकरी साहित्य, बौद्ध साहित्य, चरित्रं, मुलांची पुस्तकं, सगळं रास्त किमतीत. गावातून दरवर्षी लोक जातातच, त्यांच्यासोबत यादी द्या आणि बिल रीतसर घ्यायला सांगा. जिल्हा ग्रंथोत्सवातही विक्रेते येतात. साहित्य संमेलन विदर्भात आलं, जसं २०१९ ला यवतमाळला आणि २०२३ ला वर्ध्याला आलं होतं, तर ग्रंथप्रदर्शनासाठी एक दिवस काढावा.

कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांमधून मिळणाऱ्या संचांबाबत एवढंच सांगतो: आलेला संच दाखल करून कपाटात कोंबू नका. त्यातली कोणती पुस्तकं कोणत्या वाचकाला चालतील, त्याची चिठ्ठी करा. ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं सूत्र १९३१ चं आहे आणि संचांतल्या पुस्तकांना ते सगळ्यात जास्त लागू पडतं. चिठ्ठीतल्या माणसाला निरोप धाडूनही वर्षभरात पुस्तक गेलं नाही, तर ते तुमच्या गावासाठी नव्हतं.

जुनी पुस्तकं काढून टाकली तर तपासणीत अडकणार नाही ना?

न विचारता काढली तर अडकाल. ग्रंथपडताळणी करा, काढायच्या पुस्तकांची दाखल क्रमांक, किंमत आणि कारणासह यादी करा, कार्यकारी मंडळाचा ठराव घ्या, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाची रीतसर परवानगी घ्या आणि मगच दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक संग्रहातून कमी केल्याची, नोंद ठराव क्रमांकासह करा. पानं फाडायची नाहीत, क्रमांक खोडून त्या जागी नवं पुस्तक चढवायचं नाही.

काय काढायचं, याची एक जुनी पद्धत अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९७६ साली मांडली गेली. तिच्यातल्या कसोट्या आजही चालतात: दिशाभूल करणारं, फाटकं-कळकट, नव्या आवृत्तीनं मागे पडलेलं, किरकोळ, इथल्या वाचकांशी संबंध नसलेलं, आणि दुसरीकडे सहज मिळणारं. यांतली पहिली कसोटी गावात सगळ्यात महत्त्वाची. एंडोसल्फान फवारा असं सांगणारं शेतीचं पुस्तक कपाटात असेल, तर ते आजच बाजूला काढा. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बंदी घातली. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. चुकीचं औषध आणि चुकीचं प्रमाण सांगणारं पुस्तक ‘जुनं आहे, राहू द्या’ म्हणून ठेवता येत नाही. त्याच्या जागी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ताजी प्रकाशनं ठेवा.

जे कधीच काढू नये त्याची यादी वेगळी, आणि ती उलाढालीवर ठरत नाही. गावच्या शाळेची स्मरणिका, तालुक्यातल्या कवीनं पदरच्या पैशानं छापलेला वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतला संग्रह, झाडीपट्टी नाटकांच्या जीर्ण संहिता, यात्रेची माहितीपत्रकं, जुने जिल्हा गॅझेटिअर. वीस वर्षांत एकदाही गेलं नसलं तरी राहू द्या. कादंबरी दुसऱ्या गावात मिळेल, तुमच्या शाळेची १९६० सालातली स्मरणिका तुम्ही रद्दीत घातली तर ती बहुधा कायमची गेली. यांना वेगळं कपाट, वेगळी यादी, आणि घरी देणं बंद.

वाळवीचं काय करावं?

कपाट भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून उंच, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खालचा खण रिकामा करून बघणे. कडुलिंबाचा पाला बरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वाळवी लागलेलं पुस्तक शेजाऱ्यांपासून लगेच वेगळं करा.

धार्मिक पुस्तकं किती ठेवावीत? दोन्ही बाजूंनी तक्रारी येतात.

तक्रारी दोन्ही बाजूंनी येत असतील, तर बहुधा तुमचं बरं चाललं आहे. भजनी मंडळ तुकडोजी महाराजांचं साहित्य मागतं, वस्तीतली तरुण मंडळी शासनानं प्रकाशित केलेले बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड मागतात, कोणी कीर्तनाची पुस्तकं मागतं, कोणी गाडगेबाबांचं चरित्र. मागणी वहीत आहे ना? मग घ्या. एखाद्याला पसंत नाही म्हणून दुसऱ्याचं पुस्तक काढायचं नाही, हा नियम मात्र सगळ्यांना सारखा लावा आणि तक्रार लेखी घ्या. लिहायला बसल्यावर बरेच जण तक्रार मागे घेतात.

आणखी एक. कार्यकारी मंडळात गावातल्या एकाच भागातली माणसं असतील, तर संग्रहही त्याच भागाचा होतो. सभासदांच्या पत्त्यांवर एक नजर टाका. ज्या वस्तीतून एकही सभासद नाही, तिथे जाऊन या.

मुलांची पुस्तकं महिन्याभरात फाटतात. पुन्हा पुन्हा तीच घ्यायची का?

हो. नव्वद वेळा हाताळून फाटलेलं चाळीस रुपयांचं पुस्तक तुमच्या संग्रहातलं सगळ्यात स्वस्त पुस्तक आहे. निर्लेखनाच्या यादीत त्याच्यापुढे ‘अतिवापरानं जीर्ण’ असं ठळक लिहा आणि तीच प्रत पुन्हा मागवा. घेताना कागद जाड, अक्षर मोठं, शिवण पक्की एवढं बघा. उपदेशाचे संच टाळा. ते अजिबात फाटत नाहीत.

आता सगळं मोबाईलवर मिळते. मग पुस्तकं कशाला?

मिळतं, पण काय कुठे मिळतं हे सांगणारा कोणीतरी लागतो. मराठी विश्वकोश, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, हे सगळं विनामूल्य आहे आणि हाही तुमच्या संग्रहाचाच भाग धरा. क्यूआर कोड छापून त्या त्या विषयाच्या कपाटावर चिकटवा. जे फुकट आणि चांगलं मिळतं, त्याची छापील प्रत घेण्याआधी दोनदा विचार करा. गावात टॉवर धड चालत नसेल, तर छापीलच घ्या.

संगणक नाही. रजिस्टरवर हे सगळं जमेल?

जमेल. वर जे सांगितलं त्यातलं काहीच संगणकावाचून अडत नाही. संगणक आला तर ग्रंथालयाच्या नोंदींसाठी कोहा ही मुक्त प्रणाली आहे, तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेची ई-ग्रंथालय प्रणालीही आहे. पण नोंदी भरायला माणूस नसेल तर आधी रजिस्टर नीट करा. अर्धवट भरलेल्या संगणकापेक्षा पूर्ण भरलेली वही परवडली.

आमच्या एकट्याच्या बजेटमध्ये काय काय बसणार?

एकट्याच्या बसणार नाहीच. आठवडी बाजाराला जोडलेली चार-पाच गावं बघा, त्यांच्या ग्रंथपालांना एका दुपारी बसवा आणि विषय वाटून घ्या. एकानं शेती आणि पशुपालन, दुसऱ्यानं स्पर्धा परीक्षा, तिसऱ्यानं नाटक आणि लोकसाहित्य. सगळ्यांनी कादंबऱ्या आणि मुलांची पुस्तकं आपापली घ्यायची, महागडी आणि क्वचित लागणारी पुस्तकं एकाच ठिकाणी. दर तिमाहीत पन्नास पुस्तकांची पेटी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. जे पुस्तक तुमच्याकडे चार वर्षं पडून होतं, ते शेजारच्या गावात पहिल्याच आठवड्यात जाताना दिसतं. पेटीत जाणाऱ्या पुस्तकांची दुहेरी नोंद ठेवा, देणाऱ्याच्याही आणि घेणाऱ्याच्याही रजिस्टरात, आणि या व्यवस्थेला सगळ्या गावांच्या कार्यकारी मंडळांचा ठराव असू द्या. नाहीतर पहिली पेटी हरवली की व्यवस्था संपते.

एका माणसानं हे सगळं कधी करायचं?

सगळं एका वर्षात करू नका. ‘नाही’ची वही आजच सुरू करा, तिला वेळ लागत नाही. पडताळणी आणि नमुना पाहणी उन्हाळ्यात, कॉलेजची पोरं गावात असताना. परत येणाऱ्या पुस्तकांच्या तारखा जानेवारी-फेब्रुवारीत टिपा, देवघेव बरी असते. निर्लेखनाची यादी पावसाळ्याआधी मंडळासमोर न्या, म्हणजे वाळवी तुमच्याआधी निर्णय घेणार नाही. खरेदीची यादी दसऱ्यापर्यंत तयार हवी, कारण दीक्षाभूमीला जाणारी गाडी त्या दिवशी पहाटेच निघते.